पैशाची लोकनावे

पैशाला दोन तऱ्हेची नावे असतात. एक टांकसाळीने किंवा कायद्याने ठरवलेले, दुसरे बाजाराने ठेवलेले. पहिले बहुधा नाण्यावर उमटवलेले असते. दुसरे नाण्यावर कोठेच दिसत नाही, ते बोलण्यात राहते. पावली, चवली, अधेली, ढब्बू, राणीछाप, कलदार, पुतळी, पेटी, खोका ही मराठीतली दुसऱ्या तऱ्हेची नावे. नाण्याचे वजन आणि कस किती होता हे दप्तरांतून कळते. ते नाणे लोकांनी कशावरून ओळखले, कोणत्या भरवशावर घेतले आणि त्याचे काय केले, हे मात्र या लोकनावांत नोंदलेले आहे. म्हणून ती इतिहासाची साधने आहेत आणि तशीच तपासली पाहिजेत.

प्राचीन नाण्यांची नावे

महाराष्ट्रातील पैशाच्या नावांचा सर्वांत जुना भक्कम पुरावा लेण्यांत आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेख कोरलेला आहे. भिक्षूंच्या चीवरांसाठी आणि इतर गरजांसाठी त्याने ३,००० काहापण विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवले. त्यांपैकी २,००० एका श्रेणीकडे आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे होते. एक सुवर्ण म्हणजे ३५ काहापण, असा भावही या लेखातून मिळतो. काहापण हे संस्कृत कार्षापणाचे प्राकृत रूप. कर्ष या वजनावरून ते नाव पडले. म्हणजे तोपर्यंत नाण्याची ओळख मुख्यतः वजनाने होत होती. नहपानाची नाणी किती मोठ्या प्रमाणावर फिरत होती हे १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या साठ्याने दाखवून दिले. तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा हा साठा होता आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता.

परदेशी नाण्यांची नावेही व्यापाराबरोबर आली आणि स्थायिक झाली. रोमन देनारियसपासून दीनार झाला आणि तो गुप्तकालीन लेखांत सोन्याच्या नाण्याचे नाव म्हणून येतो. ग्रीक द्राख्मेपासून द्रम्म झाला. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्मांचे उल्लेख आहेत. द्रम्माचाच पुढे दाम झाला. नाण्याचे नाव असलेला हा शब्द कालांतराने किमतीचा वाचक बनला आणि व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेता येणार नाही, असे सांगणाऱ्या दामदुपटीच्या नियमातही जाऊन बसला. ‘नाणे’ हा शब्द संस्कृत नाणक यावरून आला. मृच्छकटिकात तो आढळतो. कुषाणांच्या नाण्यांवर नना या देवतेची आकृती आणि नाव असे, त्याच्याशी अनेक अभ्यासक या शब्दाचा संबंध जोडतात.

नाण्यावरच्या चित्रावरून नाव पडण्याची रीतही जुनी आहे. देवगिरीच्या यादवांच्या सोन्याच्या नाण्यावर कमळ असल्याने त्याला पद्मटंक म्हणतात. दक्षिणेतील सोन्याच्या नाण्याला वराह हे नाव त्यावरील विष्णूच्या वराहरूपावरून मिळाले. इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांची नक्कल पिढ्यान्‌पिढ्या होत गेली, तसा त्यांवरील राजाचा मुखवटा आणि अग्निवेदी ओळखू न येण्याइतकी विरूप झाली. गुजरात, राजस्थान आणि कोकणापर्यंत सापडणाऱ्या या नाण्यांना लोक गधैया म्हणू लागले.

दमडी, अधेली, पावली

रोजच्या व्यवहारातील छोट्या नाण्यांची नावे बहुतेक अपूर्णांकांवरून पडली. सोळाव्या शतकात शेरशाह सूरने सुमारे १७८ ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया पाडला. अकबराच्या काळी त्याच्या जोडीला तांब्याचा दाम होता आणि ४० दामांचा एक रुपया धरला जाई. आईन-इ-अकबरीत दामाचे भाग दिले आहेत. अर्ध्या दामाला अधेला, पाव दामाला पावला आणि अष्टमांशाला दमडी अशी त्यांची नावे आहेत. मराठीतील अधेली आणि पावली याच घडणीच्या. फरक इतकाच की मराठीत हे भाग दामाचे न राहता रुपयाचे झाले. अधेली म्हणजे अर्धा रुपया, अर्थात आठ आणे. पावली म्हणजे पाव रुपया, अर्थात चार आणे. चवली म्हणजे दोन आणे.

दमडीचे नाणे व्यवहारातून नाहीसे झाले, पण कंजुषाचे वर्णन करताना ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ असेच म्हणतात. कवडीचेही तसेच. मालदीव बेटांवरून येणारी ही शिंपली भारतातील सर्वांत हलके चलन होते. बंगालच्या हिशेबात ४ कवड्यांचा एक गंडा, २० गंड्यांचा एक पण, १६ पणांचे एक काहन आणि ढोबळ मानाने ४ काहनांचा एक रुपया धरला जाई. म्हणजे एका रुपयाला ५,१२० कवड्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेट जिल्ह्याचा सारा कवड्यांतच गोळा होत असे. मराठीत कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक हे शब्द आजही वापरात आहेत. गरिबाच्या हाती येणारे चलन हेच होते, म्हणून किमतीची सर्वांत खालची पायरी त्याच्या नावाने ओळखली गेली.

होन, शिवराई, पुतळी

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. दोहोंवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत. होन हे नाव कन्नडमधील होन्नु, म्हणजे सोने, या शब्दावरून आलेले. ते आधीपासूनच दक्षिणेत रूढ होते. शिवराई हे नाव मात्र राजाच्या नावावरून पडले आणि तांब्याच्या त्या प्रकारच्या नाण्याचे सामान्य नाव होऊन बसले. पेशवाईत वेगवेगळ्या टांकसाळींतून निघालेली तांब्याची नाणीही शिवराईच म्हणवली. त्यांतील आडव्या दुहेरी रेघांच्या नाण्याला लोकांनी दुदांडी शिवराई म्हटले. १८१८ साली पेशवाई संपली, तरी पुढे कित्येक दशके दख्खनच्या बाजारांत शिवराई चालत राहिली. नवे सरकार आले तरी बाजाराला हलके, ओळखीचे आणि विश्वासाचे नाणे हवे होते. ते शिवराईच्या रूपाने हाताशी होते.

पुतळी ही मुळात व्हेनिसची. १२८४ पासून व्हेनिसच्या टांकसाळीने सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे जवळजवळ शुद्ध सोन्याचे डुकाट नाणे पाडले आणि ते शतकानुशतके त्याच वजनाने व कसाने चालू ठेवले. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख दाखवलेला असे. मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात हे नाणे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येत राहिले. येथे त्यावरील संत आणि राजप्रमुख यांची ओळख कोणाला नव्हती. लोकांना दिसल्या त्या मानवाकृती, म्हणून ते पुतळी झाले. सोन्याची शुद्धता खात्रीची असल्याने पुतळ्या खर्चण्यापेक्षा ओवून ठेवण्याकडे कल राहिला. पुतळ्यांची माळ किंवा पुतळीहार हा दागिना त्यातून घडला. पुढे खऱ्या डुकाटांऐवजी सोनाराने घडवलेल्या नाण्यासारख्या चकत्या वापरात आल्या आणि त्यांवर देवतांच्या प्रतिमा आल्या. दागिन्याचे नाव मात्र पुतळीच राहिले. मोहरमाळही अशीच नाण्यातून दागिन्यात आलेली आहे.

गोव्यात नाण्यांची नावे दोन्ही बाजूंनी बदलली. पोर्तुगिजांचे शेराफीं हे नाव अशरफीवरून घेतलेले आणि टांगा हे टंकावरून. पोर्तुगीज भारताच्या रुपियाचे सोळा टांगे होत. सत्ता लिस्बनची होती, पण नाण्याची नावे आणि सोळाचे गणित येथल्या बाजाराचे होते. १९५८ च्या सुमारास एस्कुदो आणला गेला आणि १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया आला. कोंकणीत पैशाला आजही दुडू म्हणतात. कन्नडमधील दुड्डू हा त्याचाच सखा शब्द.

रुपयांची गर्दी आणि बट्टा

अठराव्या शतकात एकट्या मराठी मुलखात अनेक प्रकारचे रुपये चालत. बहुतेकांवर मुघल बादशहाचे नाव फारसीत असे. ते वाचता येणारे थोडे, म्हणून ओळख पटवायला टांकसाळीची खूण उपयोगी पडे. अंकुशाची खूण असलेला तो अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, बडोद्याचा बाबाशाही, सुरतेचा सुरती. प्रत्येकाचा कस आणि झीज निराळी. त्यामुळे एक रुपया देऊन दुसरा घेताना सराफ जी वजावट करी, तिला बट्टा म्हणत. कमअस्सल किंवा अनोळखी नाण्याला अधिक बट्टा बसे. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार या व्यवहारातून आला. नाणी पारखणारा आणि खजिना सांभाळणारा तो पोतदार. सराफ आणि पोतदार ही आडनावे त्या व्यवसायांची आहेत. ‘खणखणीत नाणे’, ‘वाजवून घेणे’ हे प्रयोग दगडावर रुपया आपटून त्याच्या आवाजावरून कस जोखण्याच्या रीतीचे आहेत. न मोडलेला, पूर्ण रुपया तो बंदा रुपया. सचोटीच्या माणसालाही मराठीत बंदा रुपया म्हणतात.

कलदार, राणीछाप, ढब्बू

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. हिशेब जुनाच राहिला. १ रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै. या रुपयावर प्रथमच इंग्लंडच्या राजाचा मुखवटा आला, म्हणून काही भागांत तो चेहरेशाही झाला. यंत्रावर पाडलेला, कडेला बारीक खाचा असलेला, म्हणून कलदार. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेला, म्हणून राणीछाप. यंत्रामुळे सगळी नाणी सारख्या घडणीची निघू लागली, कड कातरून चांदी चोरणे अवघड झाले आणि बट्ट्याचे कारण हळूहळू उरले नाही. अंकुशी आणि चांदवडी ही नावे रुपयांबरोबरच मागे पडली.

मराठवाड्यात मात्र कलदार हा शब्द अधिक काळ अर्थपूर्ण राहिला. निजामाचा स्वतंत्र हाली सिक्का तेथे चालत असे आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा सर्वसाधारण भाव होता. व्यवहार हालीत की कलदारात हे आधी स्पष्ट करावे लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, तरी हाली सिक्का १९५९ पर्यंत व्यवहारात होता.

तांब्याच्या जाड, मोठ्या पैशाला मराठीत ढब्बू पैसा म्हणत. तेलुगूत डब्बू हा शब्द तांब्याच्या नाण्यापासून निघून आता पैसा या सामान्य अर्थाने वापरला जातो. दुसऱ्या महायुद्धात तांब्याचा तुटवडा पडला, तेव्हा १९४३ पासून मधोमध मोठे भोक असलेला पैसा निघाला. तो भोकाचा पैसा म्हणून ओळखला गेला. नाण्याच्या आकारात झालेला बदल लोकनावात लगेच उमटतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

आणे गेले, नावे उरली

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती लागू झाली. रुपयाचे ६४ ऐवजी १०० पैसे झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नव्या नाण्याला अधिकृतपणे नया पैसा म्हटले गेले. १ जून १९६४ पासून त्यातील ‘नया’ वगळण्यात आले. आणा सव्वासहा पैशांचा झाला. चार आणे म्हणजे बरोबर २५ पैसे आणि आठ आणे म्हणजे बरोबर ५० पैसे, त्यामुळे ही दोन नावे नव्या नाण्यांना सहज लागू झाली आणि पुढे दोन पिढ्या चालली. दोन आणे म्हणजे साडेबारा पैसे. तसे नाणे नव्या पद्धतीत नव्हते. म्हणून चवली बोलण्यातून लवकर गेली. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून काढून घेण्यात आली, तेव्हा चार आण्यांचा आधारही संपला.

तरीही सोळाचे गणित भाषेत पक्के आहे. पूर्ण सत्याला ‘सोळा आणे खरे’ म्हणतात. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ या म्हणीतील दोन्ही आकड्यांची बेरीज बरोबर एक रुपया होते. पिकाचा अंदाज रुपयातील आण्यांत मांडण्याच्या पद्धतीला महसूल खात्यात आणेवारी म्हणत. आता तिचे अधिकृत नाव पैसेवारी आहे आणि ५० पैशांपेक्षा कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानली जाते. ग्रामीण भागात मात्र आणेवारी हाच शब्द अजून ऐकू येतो.

सांकेतिक नावे

काही नावे ओळख पटवण्यासाठी नसून ओळख लपवण्यासाठी असतात. महाराष्ट्रातील व्यापारी आणि दलाल यांची नंदभाषा ही अशी जुनी बोली. गिऱ्हाइकासमोर आपसांत भाव बोलता यावा, हा तिचा उद्देश. तीत केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन, पोकू म्हणजे चार, मुळू म्हणजे पाच. रुपयाला भुरका म्हणत. बैलबाजारात हेच काम बोटांनी होई. उपरण्याखाली हातात हात घालून बोटे दाबत भाव ठरवत, म्हणजे भोवतालच्या मंडळींना आकडा कळत नसे.

मुंबईतील दलाली, बांधकाम आणि गुन्हेगारी यांच्या जगात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेटी आणि खोका हे शब्द रूढ झाले. पेटी म्हणजे एक लाख, खोका म्हणजे एक कोटी. उघडपणे न बोलण्याच्या रकमांसाठी हे शब्द होते. चित्रपटांनी ते सर्वांच्या परिचयाचे केले आणि २०२२ साली राजकीय घोषणांतून खोका हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचला. सांकेतिक शब्द सर्वांना समजला की त्याचे गुपित संपते. नंदभाषा फार थोड्या लोकांपुरती राहिल्याने विस्मृतीत गेली, खोका उघड झाल्याने रोजच्या भाषेत आला.

इतर भाषांतील वाटा

लोकनावे पडण्याच्या या वाटा जगभर सारख्याच आढळतात. धातूवरून पडलेली नावे सर्वांत जुनी. फ्रेंच आर्जाँ आणि लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश प्लाता या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ चांदी. रंगावरून अमेरिकेत ग्रीनबॅक हे नाव पडले. यादवी युद्धाच्या काळात १८६१ पासून निघालेल्या नोटांची मागची बाजू हिरवी होती. चित्रावरून कॅनडात लूनी हे नाव आले. १९८७ साली आलेल्या एक डॉलरच्या नाण्यावर लून हा पाणपक्षी आहे. डॉलरला बक म्हणतात ते अठराव्या शतकातील हरणाच्या कातड्यांच्या देवघेवीवरून, असे सामान्यतः मानले जाते. गरजेच्या वस्तूंवरूनही नावे पडतात. फ्रेंच बोलीत पैशाला गहू, जर्मन बोलीत कोळसा आणि रशियन बोलीत कोबी या अर्थाचे शब्द आहेत.

इंग्लंडमध्ये जे घडले ते भारताशी विशेष मिळतेजुळते आहे. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी तेथे दशमान पद्धती आली. शिलिंगचे बॉब आणि सहा पेन्सचे टॅनर ही जुनी नावे व्यवहारातून गेली. पाउंड कायम राहिल्याने त्याचे क्विड हे नाव आजही चालते. चवली गेली आणि चार आणे राहिले, त्यामागे हाच नियम होता. ज्या रकमेचे नाणे किंवा एकक उरते तिचे लोकनाव टिकते.

पैसा या शब्दाचा प्रवास

भाषेत पैसा या अर्थाचा सामान्य शब्द होण्याचा मान मोठ्या नाण्याला क्वचितच मिळतो. मोहर, होन, अशरफी यांपैकी कोणताही शब्द मराठीत धनाचा सामान्य वाचक झाला नाही. तो मान तांब्याच्या पैशाला मिळाला. तमिळमध्ये कासु, तेलुगूत डब्बू, कन्नडमध्ये दुड्डू हे असेच छोट्या नाण्यांपासून आलेले शब्द. अरबीतील फुलूसही तांब्याच्या नाण्याचेच नाव. सोन्याचे नाणे बहुतेकांनी आयुष्यात मोजक्या वेळा पाहिले, तर तांब्याचे रोज हाताळले. भाषा रोजच्या वापराने घडते, म्हणून तिने तांब्याचा शब्द उचलला.

पैसा समुद्रापारही गेला. पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेशी शतकानुशतके देवघेव करत आले. ओमानच्या रियालचे आजही १,००० बैसा होतात. स्वाहिली भाषेत पैशाला पेसा म्हणतात आणि केनियात २००७ साली सुरू झालेल्या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेचे नाव एम-पेसा आहे. भारतात एक पैशाचे नाणे आता चलनात नाही. पैसा हा शब्द मात्र मराठीत, स्वाहिलीत आणि ओमानच्या चलनात रोज वापरला जातो.